दोरीवरचे सहा लंगोट

उष्टावणाच्या दिवशी सकाळी महादेवीबाईंनी खिरीचं पातेलं गॅसवर ठेवलं, कपाळाला विभूती लावली आणि देवापुढे हात जोडून एकच गोष्ट मागितली. खरं म्हणजे आता काही मागायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मुलाच्या, शिवकांतच्या लग्नानंतर सहा वर्षं त्यांनी नातवंड मागितलं होतं, आणि देवानं ते दिलं होतं. पुन्हा लगेच हात पसरायचे म्हणजे लाजच वाटावी. पण आज राहवलं नाही. “लेकरू हितंच राहू दे,” एवढं म्हणून त्या घाईनं उठल्या आणि खीर ढवळायला लागल्या.

सुनेची, ऋतुजाची बाळंतपणाची रजा आज संपत होती. उद्या सोमवारी तिला परभणीला, दवाखान्यातल्या रक्त तपासायच्या कामावर हजर व्हायचं होतं. मग सहा महिन्यांची शिवरंजनी कुणापाशी राहणार, हा घरातला मोठा प्रश्न. ऋतुजाची आई सुलाबाई महिनाभर चारठाण्याहून फोनवर एकच पाठ लावून बसल्या होत्या, की परभणीत खोली कर, मी येते, लेकरू मी सांभाळते. दुसरी वाट म्हणजे ऋतुजानं गंगाखेडहून रोज गाडीनं अपडाऊन करायचं आणि दिवसभर लेकरू महादेवीबाईंपाशी ठेवायचं. ऋतुजानं अजून कुणालाच शब्द दिला नव्हता. “उष्टावण होऊ द्या, मग सांगते,” एवढंच ती म्हणायची.

आणि सगळी गाठ येऊन बसली होती लंगोटापाशी.

चारठाण्याला माहेरी असताना शिवरंजनीला पाकिटातले डायपर घालत. आश्विनातलं ऊन तापलं, आणि लेकराच्या जांघा सोलवटून निघाल्या. तेव्हा ऋतुजानं कुणालाही न विचारता ते डायपर बंद केले आणि धुऊन वापरायचे, बटणाचे लंगोट मागवले. वरून रंगीत कापड, आत सुती पट्टी सरकवायची, ओली झाली की काढायची, धुवायची, पुन्हा सरकवायची. सासरी आली तेव्हा बॅगेत तिच्या साड्या चार आणि लंगोट पंधरा होते.

महादेवीबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. “माय, बटणं कशाला? लेकरू काय शर्ट हाय?” असं त्या म्हणाल्या होत्या. शिवकांत वाढला तो त्याच्या आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यांत. पण दोन-चार दिवसांत त्यांनी बघितलं, की लेकरू शांत झोपतंय, जांघा बऱ्या होतायत, आणि दुपटी पाच पाच वेळा बदलावी लागत नाहीत. मग त्या सुनेच्या हाताखाली शिकल्या. आधी थंड पाण्यात खळबळायचं. साबण चिमूटभर. नीळ नाही, वासाचं पाणी नाही, इस्त्री तर नाहीच, नाहीतर कापड ओल शोषत नाही. झोपताना दोन पट्ट्या. जिच्या धुण्याचं नाव अख्ख्या गल्लीत निघायचं, त्या बाईनं साठीच्या घरात येऊन धुणं नव्यानं शिकावं म्हणजे काय असतं ते तिचं तिलाच ठाऊक.

शिवकांतचं तर विचारूच नका. बापाच्या कापडाच्या दुकानात बसून फोनवर लंगोटाचे व्हिडिओ बघायचा. आभाळ आलं की पंख्याखाली दोरी बांधायचा. एकदा पेडगावच्या बायकांना खण दाखवताना घाम पुसायला खिशातून दस्ती काढली, तर हातात लंगोटाची पट्टी आली, आणि महाशयांनी तिनंच तोंड पुसलं. ती धुतलेली होती हे तो अजून सगळ्यांना शपथेवर सांगतो.

या सगळ्यात एक माणूस कुठंच नव्हता. शिवकांतचे वडील, लिंगराजअप्पा.

अप्पांचं जग म्हणजे खालचं दुकान आणि अंगावरचं धोतर. चाळीस वर्षं झाली, दर शनिवारी दुपारी ते भाताची पेज गाळून स्वतःच्या हातानं खळ करत, गच्चीवर धोतरं वाळवत आणि स्वतःच इस्त्री करत. बायकोला त्यात बोट घालू देत नसत. कापड विकणाऱ्याच्या अंगावरचं कापड बोललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते चालायला लागले की धोतराचा आवाज यायचा. नातीला त्यांनी मोजून तीनदा मांडीवर घेतलं, तिन्ही वेळा ती किंचाळून रडली, आणि चौथ्यांदा त्यांनी घेतलंच नाही. लांबून बघायचे आणि जिना उतरून जायचे. ऋतुजा एकदा शिवकांतला हळूच म्हणाली होती, “मुलगी झाली म्हणून असंल का हो?” महादेवीबाईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या उरात काट्यासारखं बसलं होतं.

दहा वाजता चारठाण्याची मंडळी आली. सुलाबाई, आणि त्यांचा मुलगा नागेश. नागेशनं मामाच्या मानाला शोभेल अशी नवी कोरी, दुधाच्या सायीच्या रंगाची पॅन्ट घातली होती आणि तो ती जपत जपतच जिना चढला. सुलाबाईंनी आल्या आल्या नातीच्या जांघा तपासल्या.

“बरं हाय की,” त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशाच होती. मग चहाचा कप हातात घेऊन त्यांनी मुद्द्याला हात घातला. “इहीणबाई, तुमाला दिसभर हे लंगोट धुणं झेपंल का? तुमचे गुडघे दुखायलेत म्हणं.”

“धुवायला हात लागतेत, गुडघे न्हाईत, इहीणबाई,” महादेवीबाई हसून म्हणाल्या.

ऋतुजा दोघींच्या मधे बसून केस विंचरत होती. तिनं कुणाचीच बाजू घेतली नाही.

लेकराला तयार करायचं काम शिवकांतनं घेतलं. कपाटातून लंगोट काढला, पट्टी सरकवली, बटणं लावली, वरून झबलं घातलं आणि विजयी वीरासारखा बाहेर आला. पूजेला बोलावलेल्या स्वामींनी लेकराच्या कपाळाला विभूती लावली, आशीर्वाद दिला, प्रसाद घेतला आणि ते दुसऱ्या घरी गेले. मग पाटावर मामा बसला आणि मामाच्या मांडीवर भाची.

भाची बसली ती काय थाटात. सहा महिन्यांचं लेकरू, एरवी दोन्हीकडून लोड लावावे लागत. आज पाठीला आधार नाही, मान सरळ, कंबर सरळ.

“अगं माय, किती ताठ बसायलीय,” सुलाबाई म्हणाल्या. “आमच्या वळणावर गेलीय. आमचा नागेश बी असाच लवकर बसला.”

“आमच्या हिकडं सगळेच ताठ हायेत,” महादेवीबाईंनी नवऱ्याकडे बघत म्हटलं. अप्पा खुर्चीत बसले होते. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं असं महादेवीबाईंना वाटलं, पण अप्पा हसायचे नाहीत म्हणून त्यांनी ते मनातून काढून टाकलं.

नागेशनं चांदीच्या वाटीत सोन्याची अंगठी बुडवली आणि खिरीचं बोट लेकराच्या ओठांना लावलं. शिवरंजनीनं जीभ बाहेर काढली, चव घेतली, विचार केला आणि पुन्हा तोंड उघडलं. सगळे हसले. दुसरं बोट, तिसरं बोट. आणि चौथ्या बोटाला नागेशचा चेहरा बदलला.

“ताई,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “काहीतरी गरम लागायलंय.”

गरम लागायलं होतं ते त्याच्या सायीच्या पॅन्टवरून वाट काढत पाटावर उतरलं. झालं. सुलाबाईंनी कप खाली ठेवला आणि झडप घालून लेकरू उचललं. बटणं सोडली. दोन्ही जांघांना कडेकडेनं लाल रेघा उठल्या होत्या. वारा लागताच लेकरानं सूर लावला.

“बघा,” सुलाबाई म्हणाल्या, “काचलंय लेकराला. म्या म्हणत न्हवते? हे धुण्या-वाळवण्याचे लाड आपल्याच्यानं व्हायचे न्हाईत. पाकिटातला घालावा आन सुखानं बसावं.”

ऋतुजानं पट्टी हातात घेतली. जिथं ओली नव्हती तिथं ती पुठ्ठ्यासारखी उभी राहत होती. जिथं ओली झाली होती तिथं बोटांना चिकटत होती. तिनं सासूकडे बघितलं.

“आई, ह्याला काय लावलंत?”

महादेवीबाईंनी पट्टी हातात घेतली, नाकाशी नेली, आणि वास ओळखला. भाताची पेज. चाळीस वर्षं दर शनिवारी घरभर हाच वास. त्या उठल्या, कपाटापाशी गेल्या. काल त्यांनी स्वतः धुऊन गच्चीवर वाळत घातलेल्या सहा लंगोटांपैकी राहिलेले पाच एकावर एक रचलेले होते, बंद कडा बाहेर, चारी कोपरे जुळवून, दुकानात धोतरजोड्यांची थप्पी लावतात तसे. अशी थप्पी लावणारा या घरात एकच माणूस होता.

त्यांनी मागं वळून बघितलं. अप्पा खुर्चीत बसले होते आणि स्वतःच्या पायांकडे बघत होते.

आता काय बोलावं? खरं सांगितलं, तर व्याह्यांच्या माणसांसमोर नवरा खाली मान घालणार. चाळीस वर्षांत त्यांनी ते होऊ दिलं नव्हतं. आणि खरं नाही सांगितलं, तर लेकरू जाणार. पण त्या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिनंच महादेवीबाईंना अडवलं. या माणसानं नातीसाठी पहिल्यांदाच हात हलवला होता.

“माज्याच हातनं झालं,” त्या म्हणाल्या. “जरा खळ दिली. चार माणसं येणार म्हणून.”

“आई,” शिवकांत वैतागून म्हणाला, “तुला इस्त्रीसुद्धा नको म्हणून सांगितलं होतं ना?” एरवी आईच्या पदराआड उभा राहणारा मुलगा आज बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बरोबरच होतं त्याचं, पण महादेवीबाईंना ते लागलं.

“आन तुमी घालताना तुमाला कळलं न्हाई?” ऋतुजानं त्याला विचारलं.

“मला वाटलं धुऊन धुऊन घट्ट झाले.”

ऋतुजा उठली. लेकराला कोमट पाण्यानं पुसलं, खोबरेल लावलं, जुन्या मऊ दुपट्यात गुंडाळलं आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. महादेवीबाई त्या वेळी पुरणपोळी लाटत होत्या. लाटणं तसंच हातात राहिलं.

नागेशची पॅन्ट गच्चीवर वाळायला गेली आणि त्याला शिवकांतनं अप्पांचं एक धोतर नेसवलं. तो जेवायला बसला तेव्हा धोतर त्याच्याभोवती तंबूसारखं उभं राहिलं.

“आता कळलं भाचीला काय झालं असंल,” तो मांडी सावरत म्हणाला. “हे बी तसंच हाय. बसलं की टोचायलंय.”

“इहीणबाईच्या हातची खळच हाय तशी,” सुलाबाई म्हणाल्या. त्यांना आता जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि जिंकल्यावर माणसाला चांगलं बोलायला काही जड जात नाही. “लंगोटाचं जाऊ द्या, पण धोतराला खळ लय भारी देता बघा इहीणबाई. कुठं एक डाग न्हाई.”

अप्पांचा घास हातात थांबला.

महादेवीबाईंनी ते बघितलं आणि त्या घाईनं म्हणाल्या, “आमटी वाढू का आणखी?”

“ती खळ हिची न्हाई,” अप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सकाळपासून हा माणूस एक शब्द बोलला नव्हता.

“हिला खळ देता येत न्हाई,” अप्पा म्हणाले. “लग्न झालं त्या वर्षी एकदा दिली हुती, सगळ्या धोतरावर गाठी. तवापासून म्या हात लावू दिला न्हाई. ही खळ तीनदा गाळलेली हाय. बघा, कुठं गाठ दिसती का?” त्यांनी स्वतःच्याच धोतराचा सोगा सुलाबाईंपुढे धरला. मग ताटाकडे बघत म्हणाले, “लंगोटाला बी मीच दिली.”

नागेश मोठ्यानं हसला. सुलाबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. आतल्या खोलीच्या दारात ऋतुजा येऊन उभी राहिली होती, खांद्यावर शिवरंजनी. ती हसली नाही.

“कामून दिलीत अप्पा?” तिनं विचारलं.

अप्पांनी ताटातली पोळी मोडली. “काल गच्चीवर गेलो,” ते म्हणाले. “सहा लंगोट दोरीवर लोंबायलते. मऊ, ढिल्ले, पोतेऱ्यावानी. म्हणलं, उद्या लोक येणार. लिंगराजाच्या नातीचं कापड असं असावं का? मला दुसरं काय येतंय, पोरी? मला गाणं म्हणता येत न्हाई, पाळणा हलवता येत न्हाई. म्या घेतली की ती रडती. माझ्या तोंडाला भेते. कापडाचं तेवढं येतंय, ते केलं. दोन तास लागले. बटणं लय आडवी येतेत इस्त्रीला.”

“तुमच्या तोंडाला भेत न्हाई ती,” ऋतुजा म्हणाली.

“मग?”

“धोतराला रडते. उन्हाळ्यात भाजलेल्या पत्र्यावर गाल ठेवल्यासारखं लागत असंल तिला. एकदा गालाला ओरखडा बी आलता.”

अप्पांनी मान वर केली. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं एक भलतंच उत्तर या माणसाच्या चेहऱ्यावरून उतरून गेलं, ते सगळ्यांनी बघितलं. महादेवीबाईंना वाटलं, आपण कसली बायको, आपल्यालाही हे कधी सुचू नये?

ऋतुजा आता सासूकडे वळली. “आन आई, तुमी तर मी सांगितल्याच्या बाहेर एक दिवस गेला नव्हता. मग स्वतःवर कामून घेतलंत?”

महादेवीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. “काय म्हणायचं मग? ह्येंनी पहिल्यांदा लेकरासाठी काही केलतं. ते चुकलं, असं चारचौघांत कसं म्हणू?”

“मी लेकरू घेऊन गेले असते आई.”

“म्हाईत हुतं,” महादेवीबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ धरलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांतून खाली आलं.

सुलाबाईंनी पदरानं हात पुसले. बाई तोंडाची तिखट, पण काळीज जागेवर होतं. त्या उठल्या, विहिणीच्या हातातली पळी घेतली आणि सगळ्यांना आमटी वाढायला लागल्या. वाढता वाढता लेकीकडे न बघताच म्हणाल्या, “ऋतू, खोलीचं मग काय सांगू त्या मालकाला?”

“न्हाई म्हणून सांग माय. मी अपडाऊन करते.”

“आन तुला आठवण आली लेकराची, तर?”

“येईल की. तुला पण येईल. तू ये हिकडं आठ आठ दिवस. लंगोट धुवायला शिकवते तुला.”

“मला?” सुलाबाई म्हणाल्या. “मला ते बटणाचं जमायचं न्हाई.” पण दुपारी एसटीला निघण्याआधी त्या गच्चीवर गेल्या, तेव्हा शिवकांत त्यांना पट्टी कशी सरकवायची ते दाखवत होता आणि त्या चष्मा लावून बघत होत्या.

नागेशची पॅन्ट वाळली होती. मामाच्या मानाचा डाग तेवढा राहिला.

संध्याकाळी महादेवीबाई धुण्याच्या दगडाकडे गेल्या, तर तिथं अप्पा बसलेले. गरम पाण्याच्या बादलीत सहा लंगोटांच्या पट्ट्या. ते त्या चोळत होते, पिळत होते, उजेडाकडे धरून बघत होते.

“सरका, मी धुते,” त्या म्हणाल्या.

“चौथं पाणी हाय,” अप्पा म्हणाले. “खळ चढवणाऱ्यालाच उतरवता येती. साबण चिमूटभरच ना?”

“चिमूटभर.”

“नीळ?”

“न्हाई.”

अप्पांना ते पटलं नाही हे दिसत होतं, पण त्यांनी नीळ घातली नाही. पट्ट्या झाल्यावर त्यांनी खुंटीवरचं स्वतःचं उद्याचं धोतर काढलं, कालच इस्त्री केलेलं, आणि तेही त्याच बादलीत बुडवलं. महादेवीबाई बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांनी ते परत बाहेर काढलं असतं.

सोमवारी सकाळी ऋतुजा स्टेशनला निघाली. डबा घेतला, लेकराचा मुका घेतला, पुन्हा जिना चढून आली, पुन्हा मुका घेतला. तिसऱ्यांदा यायला लागली तेव्हा शिवकांतनं गाडी सुरू केली. महादेवीबाई कठड्यापाशी उभ्या राहून रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिल्या. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघाले होते.

मागं वळल्या, तर दुपटं रिकामं.

त्या धावत जिना उतरल्या. दुकानाची फळी नुकतीच उघडली होती. गादीवर लिंगराजअप्पा बसले होते, कमरेला चुरगळलेलं, मऊ, ढिल्लं धोतर. चाळीस वर्षांत गंगाखेडच्या बाजारानं त्यांना असं बघितलं नव्हतं. मांडीवर शिवरंजनी पालथी झोपली होती, गाल धोतरावर टेकलेला, ढुंगणावर बटणाचा पिवळा लंगोट. अप्पा पाय हलवत नव्हते. मुंगळा चावला असता तरी हलवला नसता.

समोरचा किराणावाला महारुद्र दुकान उघडता उघडता थांबला. त्यानं धोतराकडे बघितलं, पुन्हा अप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि काळजीनं रस्ता ओलांडून आला.

“अप्पा, तब्येत बरी न्हाई का?”

“हळू बोल,” अप्पा म्हणाले. “बरी हाय. खळ लेकराला काचती.”